अर्धं तिकीट

फॉर्म भरताना लेकीनं विचारलं, "आई, फुल की हाफ?"
सतरा वर्षं हाच प्रश्न मी लोकांना विचारत आले,
पोराच्या उंचीकडे बघत,
आईच्या खोटं बोलणाऱ्या डोळ्यांकडे बघत.
म्हटलं, हाफ.
बायकांना तसंही आता अर्धंच तिकीट.

गोव्याचीही एक होती. समुद्र, भोंगे, घोट्याला बांधायची चिप,
फी माझ्या अर्ध्या पगाराएवढी.
आणि एक ही, कण्हेर धरणावरची.
मेढ्यातले दातांचे डॉक्टर ओंबळे भरवतात.
नावं एकोणचाळीस. बायका तीन, मला धरून.
फोन त्यांनीच उचलला, मागं कुणाची तरी दाढ कोरली जात होती.
"पोहता येतं?"
"विहिरीत."
"मग धरणातही येईल. काठ जरा लांब असतो, एवढंच."
"आणि मी शेवटी आले तर?"
"शेवटचा माणूस येईपर्यंत चहा उकळत ठेवतो आम्ही."
त्या चहासाठी नाव दिलं.

एकोणीसशे मीटर पाण्यातून,
नव्वद किलोमीटर सायकल, कण्हेर ते मेढा तीन फेऱ्या,
मग एकवीस पायी.
फेऱ्या हा शब्द तेवढा ओळखीचा.

सायकल मुबारक बागवानानं जुन्यातून जमवली,
चाकं एकाची, सांगाडा दुसऱ्याचा.
सीट देताना म्हणाला, "आठवड्यात बसेल."
ती अजून बसलेली नाही. मीच बसते.

सातारा–मेढा रस्ता मला टप्प्यांनी पाठ आहे,
कोण कुठं चढतं, कोण मुद्दाम पाचशेची नोट काढतं.
पण या रस्त्याला चढ आहे
हे मला माहीत नव्हतं.
इतकी वर्षं इंजिन चढत होतं,
मी आत उभी होते.

पहाटे चारला गोडोलीच्या तळ्याभोवती धावते.
ह्यांनी पहिल्या आठवड्यात काहीच म्हटलं नाही.
दुसऱ्या आठवड्यात बुटांची किंमत विचारली.
तिसऱ्यात पाहते तर
बॅटरी चार्जिंगला लावलेली,
दाराशी, माझ्या बुटांजवळ.

आणि पाणी.
लहानपणी मामानं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं.
तिथं घाबरलं की हाताला दगड लागायचा.
इथं हात पुढं टाकला की पाणीच,
त्याच्या पुढं पाणी.
रावजी भोई थर्माकोलच्या तराफ्यावरनं सोबत येतो,
जाळं आवरता आवरता सांगतो,
"ताई, आता खाली आमचं शिवार हाय. जुनं."
त्यानंतर पाय मी हलके मारते.
का, ते सांगता येणार नाही.
कुणाच्या वावरातनं जाताना चप्पल हातात घेतात, तसं काहीतरी.

गेल्या रविवारी तिसऱ्या फेरीत मांड्या वळल्या,
सायकल कडेला घेतली, रडायच्या बेतात होते,
तोच मागून ओळखीचा हॉर्न.
माझीच गाडी. जालिंदर वाघमळे स्टेअरिंगवर,
खिडक्यांतून डोकी, "अवं, ह्या तर मॅडम!"
आणि तिसऱ्या खिडकीतून हिराबाई,
"ए बाई, मागल्या सोमवारचं माझं तीन रुपये ऱ्हायल्यात!"
हसले, तशी मांडी सुटली.
माझ्या जागी आलेल्या नव्या पोरानं दोनदा घंटी मारली.
एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल,
हे मीच त्याला शिकवलं होतं.
गाडीला मारली की मला, विचारायचं राहून गेलं.
दोघी निघालो.

उद्या पहाटे साडेपाचला धरणावर हजर व्हायचं.
पिशवीत खजूर, मीठ, जुने बूट, नवीन मोजे,
पंक्चरचं सामान, चष्मा,
फॉर्मवर संपर्कासाठी डेपोचा नंबर, तिथं रात्रीही कुणीतरी असतं.
आणि कागदात गुंडाळून तीन रुपये, सुट्टे.
मेढ्याच्या वळणावर म्हातारी उभी असेल.
तिला थांबून द्यायला
मिनिटभर जाईल.